थांबा, नवीन कार्ड येतंय

आमच्या आप्पांनी कुठलीही वस्तू ती बाजारात आली म्हणून कधी घेतली नाही. ती बाजारातून जायला लागली की मग घ्यायचे. गावात रंगीत टीव्ही आले तेव्हा आप्पा म्हणाले, "थोडं थांबू, रिमोटवाला येतोय." रिमोटवाला आला तेव्हा मोठ्या काचेचा येणार होता. शेवटी आम्ही जो घेतला तो दुकानदारानं कोपऱ्यातून ओढून काढला आणि फडक्यानं पुसून दिला. फ्रीजचं तर विचारूच नका. आईनं फ्रीजसाठी स्वयंपाकघरात एक कोपरा मोकळा ठेवला होता आणि माठ सोडून तिथं काही ठेवू द्यायची नाही. मी शाळेत जायला लागले तेव्हाही तो कोपरा मोकळा होता आणि बारावी झाले तेव्हाही. दर उन्हाळ्यात आप्पा सांगायचे, आता दोन दारांचा येतोय, आता बर्फ न साचणारा येतोय. आई माठाला ओलं फडकं गुंडाळायची.

आप्पांचा वरवंडला हायवेच्या कडेला फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत फोटो, मागच्या खोलीत मिक्सिंग. लग्नाचं शूटिंग आप्पा करायचे आणि ते कॉम्प्युटरवर घेऊन, कापून, जोडून, गाणी लावून, नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलात बसवून त्याची कॅसेट करायचं काम माझं. बारावीनंतर दौंडला जाऊन मी ते शिकून आले होते. लोकांना वाटायचं, पोरगी दिवसभर टीव्ही बघत बसते. खरं म्हणजे लग्न कापणं हे लग्न लावण्यापेक्षा अवघड काम आहे. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टका लवकर आटपतात, सत्कार आटपत नाहीत. कारखान्याचे आजी संचालक, माजी संचालक आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायच्या बेतात असलेले, सगळ्यांना फेटा आणि नारळ. त्यातला एकही कापायचा नाही. एकाचा फेटा बांधताना कापला तर त्याची भावकी स्टुडिओत यायची आणि विचारायची की तुम्ही कुठल्या पॅनेलचे.

हे सगळं आमचा जुना कॉम्प्युटर करायचा, म्हणजे रडत-कुढत करायचा. त्याच्या पोटात एक कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पडद्यावर जे काय दिसतं, फिरतं, फुलतं, ते त्या कार्डाच्या जिवावर. आमचं कार्ड इतकं म्हातारं होतं की गुलाबाचा इफेक्ट लावून मी भाकरी करायला जायचे, भाकऱ्या होऊन, जेवण होऊन परत यायचे, तर गुलाब अर्धाच उमललेला असायचा. मी आप्पांच्या मागं लागले होते, नवीन कार्ड घ्या. आप्पा चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "घेऊ की. पण आधी बघू, नवीन काय येतंय."

नवीन काय येतंय ते सांगायला एक जण यायचा.

तो पुण्यातल्या एका दुकानाचा माल घेऊन फिरायचा. दौंड आणि शिरूर तालुक्यांतले सगळे स्टुडिओ, कॉम्प्युटरचे क्लास त्याच्याकडं. एस.टी.तून उतरायचा, खांद्याला एक फुगलेली काळी बॅग, तिच्यात वायरी, कार्डं, काय काय. आम्ही त्याला पार्टवाला म्हणायचो. मूळचा शिरूरकडचा, पण पुण्यात राहून भाषा धुऊन काढलेली. एरवी चार शब्द बोलायला घाबरायचा, पण कार्डाचा विषय निघाला की असा सुटायचा की चहावर साय धरायची. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं बॅगेतून एक कार्ड काढून आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्या म्होरलं कवा येतंय?"

बिचारा खरं बोलला. म्हणाला, "दुकानात सगळे म्हणतायत की दिवाळीपर्यंत नवीन पिढी येईल."

आप्पांनी कार्ड त्याच्या हातात परत ठेवलं. "मग थांबू."

दिवाळीला तो परत आला. नवी पिढी आली होती, पण तोवर तिच्या पुढच्या पिढीची कुजबुज सुरू झाली होती. आप्पा म्हणाले, थांबू. मग तो संक्रांतीच्या सुमारास आला. त्या वेळी उत्तर द्यायच्या आधी त्यानं मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दारात मी उभी होते. तो म्हणाला, "आप्पा, आता घेऊच नका. पुढच्याची फार चर्चा आहे." त्यानंतर तो दर पंधरवड्याला यायला लागला. स्वतःच्या बॅगेतला माल विकू नये म्हणून एवढी जीभ झिजवणारा विक्रेता मी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी माझा मामा स्टुडिओत येऊन बसायचा. तो पाटसला कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. उसाचा पहिला हप्ता काय निघणार यावर अंदाज बांधायची मामाला आयुष्यभराची सवय. त्याला कार्ड हा विषय हप्त्यासारखाच वाटला. दोन्हींत खरी बातमी कुणालाच नसते आणि बोलायला बंदी नसते.

"येणाऱ्या कार्डाला दोन पंखे असणार म्हणतात," पार्टवाला सांगायचा.

"कार्डाला पंखं?" मामा.

"गरम होतं ना ते."

"एवढ्याशा पत्र्याला दोन पंखं, आन् आमच्या काट्याच्या केबिनीला एक बी न्हाई!" मामा मांडीवर थाप मारायचा. "आन् काय काय हाय म्हणं?"

"आत्तापेक्षा कितीतरी जास्त रंग दाखवणार."

"मंग नवरा गोरा दिसंल का?" आप्पा पुढं सरकायचे.

पार्टवाला माझ्याकडं बघायचा. मी हळूच होकाराची मान हलवायचे. मग तो म्हणायचा, "दिसेल की. का नाही दिसणार?"

तिथून जे सुटलं ते कुणाच्या हाती राहिलं नाही. स्टुडिओत बोललेलं मामा काट्यावर नेऊन सांगायचा, आणि काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. म्हणजे दुपारपर्यंत दोन्ही तालुक्यांत. नवीन कार्ड आलं की नवऱ्याच्या तोंडावरच्या पुटकुळ्या आपोआप जाणार. वरातीतला पिऊन नाचणारा चुलता पुसून निघणार. पाटसचा एक माणूस तर माझ्याकडं येऊन हळू आवाजात विचारून गेला की थोरला भाऊ रुसून लग्नाला आला नव्हता, त्याला नव्या कार्डात पहिल्या रांगेत बसवता येईल का. मी म्हटलं, कार्ड येऊ द्या, मग बघू. आप्पांची पोरगी होते मी शेवटी.

याचा परिणाम असा झाला की लोकच सांगायला लागले, आमचं लग्न आत्ता मिक्स करू नका, नवीन कार्डावर करा. आप्पा खूश. कच्च्या कॅसेटा फळीवर चढत गेल्या. एक जोडपं आपल्या लग्नाच्या कॅसेटची चौकशी करायला आलं ते कडेवर पोर घेऊन. बारशाचं शूटिंगही आप्पांनीच केलं आणि दोन्ही एकदमच करून देतो म्हणून सांगितलं. नवरी लाजली, नवरा मात्र मनापासून विचार करत होता की पोराला लग्नातच दाखवता येईल का.

आणि मला तो पार्टवाला आवडायला लागला होता. हे आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. तो मला मॅडम म्हणायचा. आमच्या पंचक्रोशीत मला तोवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. 'ए पोरी, आमचं लग्न झालं का' हीच माझी ओळख. शिवाय कार्ड कसलं हवं हे त्यानं आप्पांना नाही, मला विचारलं. काम करताना कुठं अडतं, काय केलं तर सोपं जाईल, हे सगळं. माझं काम हे काम आहे, असं धरून चालणारा तो पहिला माणूस. आणि दर खेपेला तो पासपोर्ट फोटो काढून घ्यायचा. एवढे फोटो कुणाला लागतात? परदेशी जायचं म्हणावं तर हा एस.टी. बदलली तरी आईला फोन करणारा. मी दिवे लावायचे, त्याला स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, "मान सरळ. हसू नका." तो हसायचा. मग पुन्हा काढायला लागायचा.

त्याच काळात मला स्थळं येत होती. बागायतदार आले, कारखान्यातले आले, एक तर मास्तर होता. आप्पा पाहुण्यांना पोहे खाऊ घालायचे, गाडीपर्यंत सोडायचे आणि परत येऊन म्हणायचे, "बरं हाय स्थळ. पण थांबू. ह्याच्यापेक्षा चांगलं येतंय." आई भडकायची. "अवो, पोरगी हाय का टीव्ही हाय?" मी मात्र मनातल्या मनात आप्पांच्या स्वभावाला हात जोडायचे. माझं सगळं त्या स्वभावावरच चाललं होतं.

एका दुपारी पार्टवाला आमच्या कॉम्प्युटरचा एक स्क्रू पिळत बसला होता. तो स्क्रू आधीच घट्ट होता. खाली बघतच म्हणाला, "घरी माझ्यासाठी मुली बघतायत."

"मग?"

"मग मी म्हटलं, थांबा."

"का म्हणून?"

"चांगलं येतंय म्हणून."

आम्ही दोघंही इतके हसलो की आप्पांनी पुढच्या खोलीतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कार्ड. आमचं ठरणं म्हणतात ते एवढंच झालं.

मी मामाला गाठलं. मामाला आनंद झाला, कारण अंदाज बांधण्याच्या खालोखाल त्याला स्थळं जुळवण्याची हौस. संध्याकाळी तो आप्पांसमोर बसला आणि म्हणाला, "दाजी, पार्टवालं पोरगं कसं काय वाटतंय?" मी दाराआड उभी. आप्पा म्हणाले, "चांगलंय की. हुशार हाय, सुपारीचं बी खांड खात न्हाई. जमीन थोडी हाय, पर हातात कला हाय." मामा म्हणाला, "मंग आपल्या पोरीला—"

"व्हय, मनात आलं हुतं माझ्या," आप्पा म्हणाले. "पर थांबू की जरा. ह्याच्यापेक्षा चांगलं येतंय."

"कोण सांगितलं तुमास्नी?"

"कोण म्हंजी? त्यानंच तर सांगितलंय. आज जे हातात हाय ते उद्या जुनं हुतंय. दोन वर्सं झाली, आल्या-गेल्याला हेच सांगतोय त्यो."

मला हसावं की रडावं कळेना. मग राग आला, आणि तो आप्पांपेक्षा त्याचा जास्त आला. एवढी जीभ चालवून ह्या शहाण्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. दुसऱ्या खेपेला तो आला आणि मामानं त्याला झालेलं सांगितलं, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं चहाला हात लावला नाही. सरळ पुढच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "आप्पा, बाजारात चौकशी केली मी. आता नवीन काही येत नाही. आहे हेच चांगलं आहे. थांबण्यात काही अर्थ नाही."

आप्पा त्याच्याकडं बघून डोळे मिचकावत हसले. "माल खपवायला बोलताय व्हय? आम्हाला न्हाई फसवायचं."

दोन वर्षं खोटं सांगितलं ते वेदवाक्य आणि एकदा खरं बोलला तर लबाड. जाताना मला एवढंच म्हणाला की त्याच्या आईनं शब्द घेतलाय, तुळशीचं लग्न झालं की ह्याचंही उरकायचं, मुलगी त्यांच्या नात्यातली. बॅग खांद्याला लावून तो रस्ता ओलांडून गेला आणि मी मागच्या खोलीत येऊन कुणाच्या तरी वरातीवर उगाच कात्री चालवत बसले. दसरा होऊन गेला होता. आप्पांच्या तोंडातून 'हो' निघायला जेमतेम दिवाळी हातात होती, आणि आप्पांच्या तोंडातून 'हो' निघालेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

अशात मांडवगण फराट्याचे आबा जीप घेऊन आले. मोठे बागायतदार, सोसायटीपासून कारखान्यापर्यंत सगळीकडं शब्द चालणारे. त्यांच्या थोरल्या नातीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि त्याची कॅसेट आमच्या फळीवर धूळ खात होती. तेव्हा आबाच म्हणाले होते की घाई नको, नव्या कार्डावर करा, माझा सत्कार झकास दिसला पाहिजे. आता त्यांचा सूर वेगळा होता.

"आप्पा, जावई दिवाळसणाला येतोय. संगं व्याही, विहीणबाई, समदी येणार. मी शब्द दिलाय, जेवणं झाली की कॅसेट बघायची. तवा कॅसेट आली न्हाई, तर धाकटीचं लग्न दौंडच्या स्टुडिओला. मंग बसा कार्डाची वाट बघत."

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा फळीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग आयुष्यात प्रथमच, समोर जे असेल ते घ्यायला तयार झाले. मी पार्टवाल्याला फोन केला. त्यानं येताना कुठली नवी पिढी आणली नाही. बॅगेत जे होतं तेच आणलं. जुनं कार्ड काढलं, नवीन बसवलं, झाकण लावलं आणि म्हणाला, "मॅडम, गुलाब लावून बघा."

गुलाबात बसवायला दोन फोटो लागतात. आबांच्या नातीचे फोटो अजून मशीनमध्ये घेतले नव्हते. हाताशी होते ते त्याचे पासपोर्ट फोटो, भरपूर, आणि दिव्यांचा उजेड बघायला आप्पांनी कधीतरी काढलेला माझा एक. मी तेच टाकले. बटण दाबलं आणि गुलाब बघता बघता फुलला. पाकळ्या सुटल्या, त्यांचं बदाम झालं आणि बदामात आम्ही दोघं हळूहळू गिरक्या घेत फिरायला लागलो. भाकरी तर सोडाच, तवा तापायलाही वेळ मिळाला नसता. आमचं एकत्र असं तेवढंच काय ते होणार, असं मला वाटून गेलं.

कॉम्प्युटरवर दिसतं ते टीव्हीवर तसंच दिसतं असं नाही, म्हणून नमुना आधी कॅसेटवर उतरवून टीव्हीवर बघायची आमची पद्धत होती. व्हीसीआरमध्ये एक जुनी, पुसून ठेवलेली कॅसेट होती, ती पार शेवटाकडं जिथं थांबली होती तिथंच मी नमुना उतरवला. घरात टीव्हीवर लावून बघत होतो तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं टीव्हीकडं पाहिलं. बदाम पूर्ण फिरेपर्यंत ती ट्रे धरून उभी राहिली, मग एवढंच म्हणाली, "चहा निवतोय." मी घाईघाईनं कॅसेट काढून कपाटावर टाकली.

त्यानंतर मी जेवणखाण विसरून आबांचं लग्न उरकलं. फेटे सगळे ठेवले. दिवाळी तोंडावर, दौंडमधून मागवलेल्या कोऱ्या कॅसेटा आल्या नव्हत्या, आणि मी कपाळाला हात लावून बसले होते तर आईनं एक कॅसेट आणून हातात ठेवली. "ही घे, कोरी हाय." मी सुरुवातीपासून लग्न तिच्यावर उतरवलं आणि आप्पांच्या पिशवीत टाकलं.

दिवाळसणाला आबांनी जीप पाठवून आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. मामाही आला. मशीन अडलं तर काय घ्या, म्हणून आप्पांनी पार्टवाल्यालाही गाडीत घेतलं. भीमेवरच्या पुलावर मामानं त्याला विचारलं, पुढच्या कार्डाचं काय, तर तो म्हणाला, मला माहीत नाही. मामाला वाटलं पोराला ताप आलाय.

पुरणपोळ्यांची जेवणं झाली. आबांच्या बैठकीत टीव्ही मांडलेला, गाद्यांवर जावई आणि व्याही, मागं सगळी भावकी, दाराशी बायका. पार्टवाला टीव्हीच्या शेजारी, वायरी जोडून तिथंच कोपऱ्यात बसलेला. लग्न सुरू झालं. गुलाब फुलला तेव्हा विहीणबाई 'अगं बया' म्हणाल्या आणि आप्पांनी खाकरून घेतलं. सत्कार आले. आबा स्वतःचा फेटा बांधताना बघून हातातला पानाचा विडा विसरले. भावकीतले दोन म्हातारे कुणाचा सत्कार जास्त वेळ दाखवला यावर हळू आवाजात भांडत होते. नवरी निघाली, दाराशी बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, 'शुभं भवतु' आलं. संपलं. पण तेवढ्यात चहाचे कप फिरायला लागले, त्यामुळं टीव्ही बंद करायला कुणी उठलं नाही. पडद्यावर मुंग्या दिसत राहिल्या.

मग मुंग्या गेल्या आणि गुलाब उमलला.

पाकळ्या सुटल्या, बदाम झालं. त्यात मी. माझ्याभोवती गिरक्या घेत पार्टवाला, मान सरळ, हसू दाबलेलं. आबांनी चष्मा वर केला. "आरं, हे कुणाचं लगीन?"

"पोरगी वळखीची वाटतीया," एक म्हातारी म्हणाली.

सगळ्या माना आधी टीव्हीकडं होत्या, त्या माझ्याकडं वळल्या आणि माझ्याकडून कोपऱ्याकडं. टीव्हीचं बटण त्याच्या हाताशी होतं. नुसतं बोट पुढं केलं असतं तरी बंद झाला असता. त्यानं बोट पुढं केलं नाही. चोरासारखा घामाघूम होऊन बसला होता, पण बसला होता.

आप्पा उठले. मला वाटलं आता संपलं. आप्पांनी बदाम पूर्ण फिरेपर्यंत निरखून पाहिलं आणि म्हणाले, "रंग चांगला आलाय."

"रंग ऱ्हाऊ द्या आप्पा," आबा म्हणाले. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं. निवडणुका काढलेला माणूस. "जोडा झकास दिसतोय. वाट कशाची बघताय?"

आप्पांचं तोंड सवयीनं उघडलं. 'थां' एवढं मला ऐकूही आलं. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. पुरुषांच्या बैठकीत आई कधी बोलायची नाही, आणि बोलली तीही कुणाकडं न बघता. "माझ्या फ्रीजचा कोपरा अजून मोकळाच हाय."

आप्पांनी आईकडं पाहिलं. त्या मोकळ्या कोपऱ्यातला माठ त्यांना बहुतेक पहिल्यांदा दिसत होता. मग ते टीव्हीशेजारी बसलेल्या पार्टवाल्याकडं वळले.

"काय हो पाव्हणं. दोन वर्सं इचारतोय, आज समद्यांच्या म्होरं खरं सांगा. ह्याच्यापेक्षा चांगलं पुढं काय येणार हाय का?"

इतकी वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार असायचं. आता त्यानं आधी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुण्यात धुतलेली त्याची भाषा कुठल्या कुठं गेली.

"न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "ह्याच्या म्होरं काय येत न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

"मंग ठरलं," आप्पा म्हणाले, आणि मी भर बैठकीत रडायला लागले. मामा म्हणाला की त्याचा हा अंदाज आधीपासूनच होता. आबांनी संधी वाया जाऊ दिली नाही. आतून एक फेटा आणि नारळ मागवला आणि पार्टवाल्याचा सत्कार करून टाकला. आप्पांनी सवयीनं खांदा चाचपला, पण कॅमेरा घरी राहिला होता. आमच्या भागातला शूटिंग न झालेला तेवढाच एक सत्कार.

परत येताना जीपमध्ये मी आईच्या कानाशी लागले. "कोरी म्हणून कुठली कॅसेट दिलीस?"

"मला काय कळतंय त्यातलं?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सुरुवातीला तर कोरीच व्हती."

फ्रीज लग्नाच्या आधी आला. आप्पांनी दुकानात शिरल्यावर जो पहिला समोर दिसला तो घेतला आणि वाटेत दोनदा म्हणाले की पुढच्या वर्षी दार न उघडता पाणी देणारा निघणार होता. आईनं माठ अंगणात नेऊन ठेवला. आबांच्या धाकट्या नातीचं लग्न मी नव्या कार्डावर केलं, आणि त्या वरातीत कॅमेरा धरून चाललेला आप्पांचाच जावई होता.

तो अजून तसाच आहे. नव्या कार्डांच्या बातम्या वाचतो, मोबाइल घ्यायचा म्हटलं तरी म्हणतो, थांब, पुढच्या वर्षी वेगळा येतोय. त्याची आजवरची बहुतेक भाकितं खोटी निघाली. फार बडबडला की मी चारचौघांत त्याला आप्पांचाच प्रश्न विचारते, ह्याच्यापेक्षा चांगलं पुढं काय येणार हाय का. मग त्याला माझ्याकडं बघून नाही म्हणावं लागतं, आणि ते ऐकायला मला अजून आवडतं.